डावं मडगार्ड

कंपनीतून निघालेली गाडी कुणीही ओळखेल. पुढे बिल्ला असतो, मागे नाव असतं, आणि नसलं तरी गल्लीतलं शेंबडं पोर सांगतं. खरी गंमत असते ती हातानं बांधलेल्या गाडीत. कुणीतरी कुठल्याशा गाडीचा नुसता सांगाडा घेतो, वरचा पत्रा सोलून फेकतो आणि मनाला येईल तसा नवा पत्रा ठोकून त्यावर चढवतो. तशी दुसरी गाडी जगात नसते. कागदावर तिचं नाव एक आणि अंगावर रूप भलतंच. अशा गाड्यांचे फोटो जमवायचे, मग ही मुळात कोण होती आणि हिला असं कुणी केलं हे शोधत बसायचं, हा तिघांचा रविवारचा उद्योग होता. उद्योग कसला डोंबलाचा, रिकामपणा आहे नुसता, असं वहिनी म्हणे. पण चहा तीच टाकी.

तिघांतला एक सर्व्हेअर. जन्मभर विम्याच्या कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या बघून निवृत्त झालेला. त्याला सांगाडा कळे. गाडी कितीही नटूदे, चाकांमधलं अंतर बघून तो म्हणे, "ही बया मुळात टेम्पो आहे." दुसरा रंगारी. एवढासा टवका नखानं उचलून खाली कुठला रंग आणि त्याच्याही खाली कुठला, हे तो वासावर सांगायचा. आणि तिसरी ठोकळीताई. ती गाडीवरून तळवा फिरवायची.

माशाच्या आकाराची एक गाडी त्यांनी ओळखली होती, ती निघाली पावाची डिलिव्हरी व्हॅन. दुसरी एक ऐसपैस घरगुती गाडी, मागची बाजू नको तेवढी लांब. ती मुळात शववाहिनी होती. त्या गाडीच्या मालकांना काही सांगितलं नाही. त्यांची मुलं प्रवासात मागे मस्त आडवी होऊन झोपायची, आता त्यांची झोप कशाला उडवा!

ठोकळीताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं पाडलेलं. त्याचं असं आहे की पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो आणि दुसरा आतून बरोबर त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आतून ठोकळा नसेल तर पत्रा नुसत्या लाटा घेतो, आकार घेत नाही. दादा हातोडीवाला आणि ही लहानपणापासून ठोकळा धरणारी, म्हणून ठोकळी. पुढे वय वाढलं तसं लोकांनी ताई जोडलं, एवढंच.

मधे पत्रा असल्यामुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, आणि त्या ठणठणाटात हाक मारून उपयोग नसतो. म्हणून खुणा. दादाच्या खुणा अशा होत्या: एक टोला म्हणजे धर, सुरू करतोय. दोन म्हणजे थांब, जागची हलू नकोस. तीन म्हणजे झालं, ये बाहेर. एक आणि दोन कुणीही द्यावेत. तीन मात्र फक्त हातोडीवाल्यानं. काम झालं की नाही हे आत दडून बसलेल्याला काय कळणार? एकदा पायाला मुंग्या आल्या म्हणून तिनंच आतून तीन ठोकले, तर दादा दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता. त्यानंतर तिनं ती आगळीक केली नाही.

त्या रविवारीही मंडळी नेहमीसारखी दादाच्या जुन्या वर्कशॉपमध्ये जमली होती. आता तिथे पत्रा ठोकत नाहीत. ठोकळीताई आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, मिळून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. एका बाजूला दोघींची मशिनं, कापडाचे गठ्ठे, पुढे रस्त्याकडे उघडणारं पत्र्याचं मोठं दार.

सर्व्हेअरनं फोन पुढे केला. "घ्या. हे ओळखून दाखवा. एकानं शहराबाहेरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना विकत घेतलाय. मागच्या शेडमध्ये ही सापडली. पुढे बिल्ला नाही, मागे नंबर नाही. कोणाची आहे ते कळलं तर ठेवतो म्हणतोय, नाहीतर सोमवारी कापायला देणार."

रंगाऱ्यानं चष्मा वर सरकवला. "हिरवी आहे. काळपट हिरवी. कंपनीचा रंग नव्हे, घरी मिसळलेला."

"सांगाडा जुन्या टॅक्सीचा वाटतोय," सर्व्हेअर म्हणाला, "पण मागची बाजू बघा हो! कशी उतरत गेलीय. बाजूच्या काचा कशाच्या असतील?"

"बसच्या," ठोकळीताई म्हणाली. तिनं अजून फोन नीट हातातही घेतला नव्हता. "बसच्या खिडकीच्या काचा आहेत. कोपरे घासून बसवल्यात."

"फोटोवरून कोपरे कसे कळले तुम्हाला?"

"बसवताना मीच धरल्या होत्या."

पलीकडे वहिनीचं मशीन चालू होतं, ते थांबलं.

आता मागची गोष्ट सांगायलाच हवी. दादा दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा, आणि संध्याकाळी स्वतःची एक गाडी बांधायचा. वर्षानुवर्षं चाललं होतं ते. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्याला आणि वहिनीला फिरायला, बस्स. वहिनी म्हणायची, "ही गाडी पुरी होईपर्यंत मला गुडघ्यांमुळे चढता येणार नाही." एका दुपारी सगळं अंग तयार झालं, राहिलं ते मागचं डावं मडगार्ड. उघडा पत्रा होता, नीट आकारही आला नव्हता, आणि मधोमध तळहाताएवढा खड्डा. तेवढ्यात दादाला लहर आली. म्हणाला, "एक चक्कर मारून इंजिनाचा आवाज बघतो. आलो की तो खड्डा काढू." गाडी दारातून बाहेर काढताना त्यानं खिडकीतून हात काढला आणि पत्र्याच्या दारावर हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं. टक, टक. हसत होता.

वहिनी आतून म्हणाली, "काय म्हणाले गं हे?"

"थांब म्हणाला."

वीस वर्षं झाली त्याला. दादा आला नाही आणि गाडीही आली नाही. माणूस एक वेळ हरवेल हो, पण ती गाडी? जी रस्त्यानं गेली तर चालता माणूस मान मोडून बघेल, ती कुणाच्याच नजरेला पडली नाही. पोलिसांनी नदी बघितली, खाणी बघितल्या. मग लोकांनी आपापल्या परीनं उत्तर काढलं. कुणीतरी असणार दुसरी, घेऊन गेला तिला. वहिनीच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण नळावर, दुकानात ती आली की बोलणं थांबायचं. ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

सोडून गेला की मेला, एवढंच ठोकळीताईला कळायला हवं होतं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. मेला असता तर रडून मोकळ्या झाल्या असत्या, सोडून गेला असता तर शिव्या देऊन. पण वहिनी दोन टोल्यांवर अडून बसली होती. थांब म्हणालेत ना, मग थांबायचं. वीस वर्षांत तिनं वर्कशॉपच्या त्या दाराला आतून कडी लावली नाही. चोर आले तर कापड नेतील, म्हणायची, नेऊदेत. तिची धाकटी बहीण समुद्राकाठच्या एका गावात राहते. नवरा गेल्यापासून ती एकटी पडली, आणि दर आठवड्याला फोन करून सांगते, तुझी खोली रंगवून ठेवलीय, ये आता. वहिनी प्रत्येक वेळी म्हणते, बघू. फोन ठेवल्यावर ती त्या उघड्या कडीकडे बघते.

तर असा तो फोटो आणि अशा त्या दोघी. वहिनी मशीनवरून उठून आली. फोन डोळ्यांपासून लांब धरून तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चप्पल घालते. आत्ता जायचं."

ठोकळीताईनं पिशवी उचलली. निघताना कपाटातून ठोकळा काढून तिनं पिशवीत टाकला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बर्फाचा कारखाना म्हणजे आता नुसत्या भिंती. गंजलेले पाइप, मिठानं खाल्लेली फरशी, आणि भर दुपारी अंगाला लागणारा गारवा. एवढी वर्षं बर्फ बंद आहे, मग गारवा कुठून, असं रंगारी पुटपुटला आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. राखणदार किल्ल्या घेऊन पुढे चालला होता.

"गाडी कधीपासून आहे इथं?" सर्व्हेअरनं विचारलं.

"मी कामाला लागलो तेव्हापासून बघतोय. झाकून होती. कुणी येत नाही, जात नाही. फक्त पत्रा वाजतो तेवढंच."

"पत्रा वाजतो म्हणजे?"

"शेडचा असेल. उन्हानं तापतो, संध्याकाळी निवतो, तेव्हा वाजतो. टक टक." राखणदारानं खांदे उडवले. "पावसाळ्यात पण वाजतो म्हणा."

शेडचं दार उघडलं. आत ती उभी होती.

ठोकळीताईला वाटलं होतं, गंजलेली असेल, टायर बसलेले असतील, उंदरांनी सीट फाडली असेल. तसलं काही नव्हतं. जमिनीवर बोटभर धूळ साचलेली, आणि तिच्यात गाडी आल्याची एकही रेघ नाही. गाडी मात्र स्वच्छ. कुणीतरी रोज फडकं मारत असावं तशी. वहिनी दारातच थांबली आणि "अगं बाई" एवढंच म्हणाली.

सर्व्हेअरची सवय जाते थोडीच! खिशातून टेप काढून त्यानं गाडीची रुंदी मोजली. मग शेडच्या दाराची. मग परत गाडीची.

"राखणदार, या शेडला दुसरं दार आहे?"

"नाही साहेब."

"हे दार कधी लहान केलंय? भिंत बांधलीय नंतर?"

"दगडी भिंत आहे ती. कारखान्याइतकीच जुनी."

"मग गाडी आत कशी आली? दारापेक्षा गाडी रुंद आहे."

"टेप चुकत असेल तुमची," रंगारी म्हणाला. तो डाव्या मडगार्डापाशी वाकला होता. गाडी सगळी हिरवी, फक्त ते एक मडगार्ड राखाडी, अस्तराचा हात दिलेलं. त्यानं बोट टेकवलं आणि बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. बोटाला राखाडी डाग लागला होता. "हे ओलं आहे," तो म्हणाला. "आजचं आहे हे."

चौघांनी राखणदाराकडे बघितलं. राखणदारानं दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे काय बघताय! मला सायकल रंगवता येत नाही."

रंगारी आणि सर्व्हेअर पुन्हा दार मोजायला बाहेर गेले, राखणदारही त्यांच्या मागोमाग सटकला. खरं सांगायचं तर तिघांनाही तिथून निघायला निमित्त हवं होतं.

ठोकळीताईनं मडगार्डावर तळवा ठेवला. दादा डावखुरा. त्याच्या हातोडीचे ठसे नेहमी उलट्या अंगाला कललेले असायचे, वरून रंगाचे कितीही हात चढले तरी तिच्या तळव्याला कळायचे. इथे ते होते. त्या दुपारी इथे नुसता ओबडधोबड पत्रा होता, आता आकार आला होता. म्हणजे नंतरही काम चालू राहिलं होतं. तिनं खाली वाकून मडगार्डाच्या आतून हात घातला आणि तिला हुंदका आला. आतल्या बाजूला ठोकळ्याची एकही खूण नव्हती. सगळा पत्रा बारीक बारीक लाटांनी भरलेला. एक लाट काढायला जावं तर शेजारी दुसरी उठावी, ती दाबावी तर तिसरी. एकट्यानं केलेलं काम होतं ते. आतून धरायला कुणी नसताना पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा केलेलं. आणि मधोमध तो तळहाताएवढा खड्डा तसाच होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तो सोडून नाही गेला गं. इथंच आहे. हेच करत बसलाय."

 वहिनी गाडीला वळसा घालून गेली, पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. वीस वर्षांपूर्वी बसायची राहिलेली जागा ती. शेजारच्या सीटवर तिनं हात ठेवला. गादी दबलेली होती, कुणी नुकतंच उठून गेल्यावर दबलेली असते तशी, आणि तिच्या हाताखाली ती हळूहळू वर आली. वहिनीनं हात मागे घेतला नाही. ठोकळीताईला मागच्या काचेतून तिची पाठ दिसत होती, ताठ.

मग ठोकळीताईनं डिकी उघडली, पिशवीतला ठोकळा काढला आणि पाय पोटाशी घेऊन आत शिरली. वय झालेल्या बाईनं असं डिकीत शिरावं, हसू आलं असतं एरवी. आतून हात घालून तिनं खड्ड्याच्या पाठीशी ठोकळा दाबला. कुठल्या जागी ते तिच्या मनगटाला अजून पाठ होतं.

बाहेरून एक टोला आला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण हात हलला नाही. हाताला शिस्तच तशी होती. सर्व्हेअर आणि रंगारी दूर दारापाशी राखणदाराशी हुज्जत घालत होते, तिला ऐकू येत होतं. वहिनी पुढे बसली होती. मडगार्डापाशी उभं राहायला तिसरं कुणी नव्हतं. आणि हातोडी पडायला लागली. हलकी, जवळजवळ, खड्ड्याच्या कडेकडेनं गोल फिरत आत येणारी. प्रत्येक घाव पत्र्यातून ठोकळ्यावर आणि ठोकळ्यातून तिच्या कोपरापर्यंत यायचा. दादाचाच हात. कुठं जोर द्यायचा, कुठं नुसतं टेकवायचं, सगळं तेच. तिला रडू येत होतं आणि भीतीनं दात वाजत होते आणि तरी मनात कुठेतरी बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला. पत्रा तिच्या ठोकळ्याखाली हळूहळू भरत आला. खड्डा गेला. लाटा बसल्या. तिनं बोटं फिरवून बघितलं, गुळगुळीत.

हातोडी थांबली. आता तीन येणार, तिला वाटलं. झालं, ये बाहेर. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. तीन आले असते की सगळं संपलं असतं, त्याचंही आणि वहिनीचंही.

टोले आले ते दोन.

थांब.

आणि मग काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही, भीती बिती सगळी गेली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. "अरे मेल्या," ती पत्र्याला तोंड लावून दबक्या आवाजात म्हणाली, "काम झालंय! हात फिरवून बघ तुझा तू. अजून किती थांबायचं तिनं? वीस वर्षं दाराला कडी नाही लावली. केस पांढरे झाले तिचे. तिला तरी सोड की!"

बाहेरून काहीच आलं नाही. फक्त गारवा वाढला. तिनं ठोकळा उचलला, तीन ठोकावेत म्हणून पत्र्याजवळ नेला, आणि तिचा हात तिथंच अडला. दादानं धरलेला तो अबोला, वर्षं लोटली तरी तिच्या अंगात भिनलेला. ती मुकाट बाहेर आली.

वहिनी सीटवरून वळून तिच्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक.

"वाजलं ना?" वहिनी म्हणाली.

"वाजलं."

"किती वेळा? शेवटी?"

 "तीन," ठोकळीताई म्हणाली.

"तीन म्हणजे काय गं?"

"तीन म्हणजे झालं. ये बाहेर."

वहिनी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग मान हलवून ती गाडीतून उतरली, पदरानं डोळे पुसले आणि दार अगदी हलक्या हातानं लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

बाहेर सर्व्हेअर वाट बघत होता. "मग? काय सांगू मालकाला? ओळखली?"

"ओळखली," ठोकळीताई म्हणाली. "आमच्या दादानं बांधलीय. कापायची नाही म्हणावं."

परतीच्या वाटेवर रंगारी आपलं राखाडी बोट पुन्हा पुन्हा रुमालाला पुसत होता. डाग काही जात नव्हता.

दिवेलागणीला वहिनीनं बहिणीला फोन लावला. "उद्या निघते," म्हणाली. पलीकडून बहिणीचं ओरडणं ठोकळीताईला मशीनपाशी ऐकू आलं, इतका तिला आनंद झाला होता. फोन ठेवून वहिनी सरळ पत्र्याच्या दाराकडे गेली. कडी वीस वर्षं न हलवल्यानं गंजली होती. "दे गं तो ठोकळा," तिनं मागितला, आणि दोन दणके घालून कडी बसवली. ठोकळा हातात तसाच धरून ती मागे फिरली.

ठोकळीताईच्या डोळ्यांना धार लागली होती. खोटं बोलले तर बोलले, तिला वाटलं, माझं पाप माझ्या डोक्यावर. बाई सुटली तरी.

तेवढ्यात दारावर वाजलं.

टक, टक.

उभ्या माणसानं दार वाजवावं तेवढ्या उंचीवर नव्हे. खाली, कमरेशी. गाडीत बसलेल्यानं खिडकीतून हात काढावा तेवढ्यावर.

दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेर रस्त्याचा आवाज नव्हता, इंजिनाचा नव्हता, कशाचाच नव्हता. 

"वारा असेल," ठोकळीताई म्हणाली.

"वारा मोजून वाजतो होय?" वहिनी दाराकडे बघतच म्हणाली. "तिथंसुद्धा दोनच वाजले होते ना?"

 ठोकळीताईनं मान खाली घातली. "हो."

"मला ठाऊक होतं. पुढच्या सीटवर बसले होते मी, बहिरी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी खोटं बोलत होतीस," वहिनी म्हणाली. "एवढ्या वर्षांत सगळे मला खरं सांगायला बघत होते. माझ्यासाठी खोटं कुणी बोललं नव्हतं. बरं वाटलं ऐकायला."

दार पुन्हा वाजलं. टक, टक. या वेळी जरा घाईनं.

वहिनी दारापाशी गेली. ठोकळीताईला वाटलं, झालं, आता ही कडी काढणार. वीस वर्षांची सवय आहे, काढणारच. वहिनीनं हात वर केला, पण कडीकडे नाही. तिनं तळवा पत्र्यावर टेकवला.

"अहो," ती दाराला म्हणाली. आवाज नेहमीचाच, जेवायला हाक मारताना असायचा तसा. "तुम्ही टाकून गेला नाहीत, हे आज कळलं मला. तेवढंच हवं होतं. जन्मभर तेवढंच हवं होतं हो. मडगार्ड छान झालंय. मी बसले तुमच्या गाडीत. आता मी नाही थांबत."

आणि तिनं ठोकळ्यानं दारावर तीन टोले दिले. सावकाश, एकेक सुटा.

 ती खूण द्यायचा हक्क दादाचा होता, ठोकळीताईनं एकदाच दिली होती, ती त्यानं चालवून घेतली नव्हती.

आधी काहीच झालं नाही. मग वहिनीच्या तळव्याशेजारी, तळहाताएवढ्या जागेत, दाराचा पत्रा हळूच आत दबला. बाहेरून कुणी हात टेकवावा तसा. वहिनीनं आपला तळवा उचलून त्या जागेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. किती वेळ ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मग पत्रा टॉक् करून आपल्या जागी परत गेला.

त्यानंतर दार वाजलं नाही.

ठोकळीताई कशीबशी पुढे आली आणि सवयीनं तिनं त्या जागेवरून हात फिरवला. पत्रा सपाट होता. गार होता, पण नेहमीइतकाच.

"वहिनी," ती म्हणाली, "कडी काढून बघू?"

"सकाळी काढू," वहिनी म्हणाली. "माझी ती मोठी बॅग माळ्यावर आहे, आधी ती खाली घे."